बढती घरासाठी, घर बढतीच्या भरवशावर

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाण्यात चरईला राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. वय ४१. नोकरी ऐरोलीला, एका कंपनीच्या बॅक ऑफिसात. घरी नवरा, आठवीतली मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. घर स्वतःचं, वन बीएचके, कर्ज फिटलेलं; पण तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे सासूबाई दिवाळीनंतर खाली उतरलेल्या नाहीत. कासारवडवलीला बांधकाम चालू असलेल्या एका टॉवरमधला टू बीएचके नवऱ्याला पसंत पडला आहे. जुनं घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं, असा त्याचा विचार. म्हणून ७० लाखांचं कर्ज. त्याच सुमारास ऑफिसने यांना टीम लीडची बढती देऊ केली आहे. पगार बरा वाढेल, पण अमेरिकेतल्या ग्राहकांचे कॉल रोज रात्री साडेअकरापर्यंत घरून घ्यावे लागतील. सध्या ते आठवड्यातून दोनदा असतात. पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

त्या लिहितात: "सगळं चांगलं असून मन लागत नाही. कधी कधी लोकलमध्ये उगाच रडू येतं. मानसिकता बदलायची म्हणून पहाटे पाचला उठायचा प्रयत्न केला, सुटला. रोज रात्री कृतज्ञतेच्या तीन गोष्टी वहीत लिहायचे, तेही बंद पडलं. पूर्वी ग्रंथसंग्रहालयातून पुस्तकं आणायचे, वर्गणी भरायची राहून गेली. मैत्रिणी म्हणतात पॉझिटिव्ह राहा, सासूबाई म्हणतात आहे त्यात सुख मानावं. शनिवारी सकाळी एकटीच तलावपाळीला चक्कर मारते तेव्हा बरं वाटतं, पण त्याला काय अर्थ? माझ्यातच काही कमी आहे का? मानसिकता कशी बदलू?"

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात घराचा विषय पहिल्या पानावर आहे, बढतीचा दुसऱ्या पानावर, आणि मन लागत नसल्याचं अगदी शेवटी, सही करता करता लिहिल्यासारखं. तिन्ही विषय तुम्ही एकमेकांपासून चांगले लांब ठेवलेत. मी ते शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचले. बढती घ्यायची, कारण नव्या घराचा हप्ता जायला हवा. नवं घर घ्यायला हरकत नाही, कारण बढती मिळतेच आहे. म्हणजे प्रत्येक निर्णय दुसऱ्याच्या भरवशावर उभा, आणि दोन्हींपैकी एकही घरात बसून कोणी घेतलेला नाही. एवढं असून मन कुरकुरलं की दोष मनाचा!

मानसिकता कशी बदलू, असं तुम्ही विचारलंत. मी आधी विचारते, बदलून काय करायचंय? न ठरवता अंगावर आलेल्या गोष्टी हसतमुखाने सोसता याव्यात, एवढ्यासाठी मन तयार करायचं असेल आणि ते तयार होत नसेल, तर मला ते मन शाबूत असल्याचं लक्षण वाटतं.

पहाटेच्या प्रयोगाबद्दल तुम्ही स्वतःला फार बोल लावलाय, म्हणून ते आधी निकालात काढू. कॉल असतो त्या रात्री तुम्हाला झोपायला साडेबारा होतात, असं तुम्हीच लिहिलंय. पाचला उठायचं म्हणजे साडेचार तास झोप. मोठ्या माणसाला नियमित किमान सात तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०१५ साली एकत्रितपणे सांगितलं. आपल्या आज्ज्या पहाटे उठायच्या हे खरं, पण त्या नऊला दिवा मालवायच्या. पहाटवाल्यांचे जे व्हिडिओ तुम्ही बघता त्यांत रात्रीची भांडी कोण घासतं आणि सकाळचे डबे कोण भरतं हे कधी दिसत नाही. तुमचा प्रयोग साध्या बेरीज-वजाबाकीत बसत नव्हता, म्हणून सुटला. इच्छाशक्तीला मध्ये आणू नका.

वहीचंही असंच. सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रयोगात काही जणांना आठवड्यातून एकदा आणि काहींना तीनदा अशा चांगल्या गोष्टींची यादी करायला सांगितली होती. समाधान वाढलेलं दिसलं ते एकदाच लिहिणाऱ्यांत. तुम्ही तर रोज लिहीत होतात. 'मुलगी, तब्येत, नोकरी' असं रोज लिहिलं की चौथ्या दिवशी ती हजेरी होते. हवं तर रविवारी दुपारी एकदा लिहा, आणि त्या आठवड्यातलंच काहीतरी लिहा. लेकीने न सांगता दूध तापवून ठेवलं, एवढं पुरतं. मात्र कृतज्ञतेच्या घोटाबरोबर तक्रार गिळायची सवय लावून घेऊ नका. तुमच्या सासूबाई आहे त्यात सुख मानायला सांगतात, त्या मोठ्या आहेत, त्यांचा मान ठेवूनच म्हणते: दिवाळीपासून ज्यांनी रस्ता पाहिला नाही त्यांना तरी 'आहे ते' कितपत झेपतंय, हे त्यांना एकदा विचारायला हवं. समाधानी माणूस बदल मागत नाही, हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज आहे.

आता त्या शनिवारबद्दल. "बरं वाटतं, पण त्याला काय अर्थ?" अख्ख्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ या वाक्यापाशी थांबले. तलावपाळीची चक्कर तुम्हाला फुकट मिळते, तिच्यासाठी मन वळवावं लागत नाही, कुणाचं मार्गदर्शन लागत नाही. आणि नेमकी तीच तुम्ही हिशेबातून बाद करता, कारण ती कुणाला सांगण्यासारखी नाही. टू बीएचके सांगण्यासारखा आहे. टीम लीड सांगण्यासारखं आहे. शाळेच्या ग्रुपवर 'आज तलावाला चक्कर मारली' असं टाकून कोण अभिनंदन करणार?

पुस्तकांचंही बघा. वर्गणी बंद करायची असं तुम्ही कधी ठरवलं होतं का? नाही. ती राहून गेली. मला येणाऱ्या पत्रांतून हे वारंवार दिसतं. रियाज राहून गेला, भावाकडे जाणं राहून गेलं, दातांचं काम राहून गेलं. सोडायचं असं कुणीही ठरवलेलं नसतं. फक्त दुसऱ्या कशाला तरी जागा करून देताना या गोष्टी आवाज न करता बाजूला सरकतात. हप्ता चुकला की बँकेचा फोन येतो. ग्रंथसंग्रहालयाचा कुणी फोन करत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा. डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस तुकड्यांत मांडायला लावला होता: अमुक वेळ ते अमुक वेळ काय केलं, सोबत कोण होतं, तेव्हा कसं वाटत होतं. यादीच्या तळाशी आला तो सकाळचा कामावर जायचा प्रवास. वर होती ती जवळच्या माणसांची सोबत, ऑफिसनंतरच्या गप्पा, निवांत वेळ. तुमचं उत्तर टेक्सासच्या बायकांसारखंच यावं असं काही नाही, पण पद्धत उसनी घ्यायला हरकत नाही. एक साधी वही घ्या. सकाळचे डबे, लोकल, ऑफिसातली पहिली दोन तासांची कामं, जेवणाची सुट्टी, परतीचा प्रवास, मुलीचा अभ्यास, रात्रीचा कॉल. प्रत्येकापुढे दहापैकी एक आकडा टाका, बस. कारणं लिहू नका, निबंध होतो. दोन आठवड्यांनी ते आकडे घेऊन बसा आणि बघा, की बढती आणि नवं घर यांमुळे यातले कोणते तुकडे वाढणार आहेत आणि कोणते आटणार आहेत.

त्यातला एक तुकडा मी आत्ताच सांगते. चरईतून तुम्ही स्टेशनला चालत जाता, ट्रान्स-हार्बरची गाडी पकडता, दिघा गाव गेलं की ऐरोली. ठाण्यात नोकरदार बाईला याहून सुटसुटीत प्रवास मिळणं कठीण आहे. कासारवडवलीहून निघालात तर आधी घोडबंदर रोड, मग कापूरबावडी, माजिवडा. स्टेशन गाठेपर्यंत पाऊण तास सहज जातो आणि पावसाळ्यात त्याची कुणी हमी देत नाही. वडाळा-कासारवडवली मेट्रो पूर्ण मार्गावर धावू लागली की चित्र बदलेल, पण तुमचा हप्ता तिची वाट बघत थांबणार नाही. श्टुट्झर आणि फ्राय या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची माहिती तपासून २००८ साली एक निबंध लिहिला. ज्यांचा प्रवास लांबचा, त्यांना निदान घर किंवा पगार तरी चांगला मिळत असणार आणि एकूण हिशेब बरोबरीत सुटत असणार, असा अंदाज होता. तो चुकला. लांबून येणारे आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले. नव्या स्वयंपाकघराची सवय होते, सहा महिन्यांत त्याच्याकडे लक्षही जात नाही. प्रवासाची सवय होत नाही, कारण तो रोज नव्याने त्रास देतो.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, मी नव्या घराच्या विरोधात आहे. तशी नाही. तुमच्या यजमानांचा मुद्दा तुम्ही पत्रात जितका हलका केलात तितका तो नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला तीन मजले चढवणं-उतरवणं हा खरा प्रश्न आहे, आणि आठवीतल्या मुलीला दार लावून बसायला खोली हवी हाही. फक्त 'लिफ्ट हवी' आणि 'वेगळी खोली हवी' यांचं उत्तर थेट 'सत्तर लाखांचं कर्ज' हेच कसं आलं, हे मला पत्रात कुठे सापडलं नाही. मधल्या पायऱ्या गाळल्या गेल्यात.

त्या भरू या. साडेआठ टक्के व्याज धरलं तर ७० लाखांचा २० वर्षांचा हप्ता साधारण ६०,७०० रुपये होतो आणि शेवटपर्यंत तसंच फेडलं तर नुसतं व्याज ७५ लाखांहून जास्त जातं. चरईच्या घराचं भाडं त्यातून वजा करा, तरी मोठी रक्कम उरते. आज तुम्ही ४१ च्या. कर्ज फिटेल तेव्हा ६१. रात्री साडेअकराचे कॉल किती वर्षं घ्यायचे आहेत, याचं उत्तर या आकड्यात आहे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर बँक दंड लावू शकत नाही, त्यामुळे बोनस वगैरे टाकून ते लवकर फेडता येतं हे खरं. पण मग बोनस तुमचा राहत नाही हेही धरून चाला.

दुसरा रस्ता म्हणजे जुनं घर विकून त्याच परिसरात लिफ्ट असलेलं घर घेणं. कर्ज बरंच कमी होईल, जागा बहुधा कासारवडवलीपेक्षा लहान मिळेल, क्लबहाऊस मिळणार नाही. जुन्या घराच्या विक्रीतला नफा ठरलेल्या मुदतीत नव्या घरात घातला तर करात सूट मिळते. त्या मुदती सीएकडून नीट समजून घ्या. विकायचं नाही हा तुमच्या यजमानांचा आग्रह गुंतवणुकीपोटी आहे की ते घर वडिलांनी घेतलं म्हणून, हेही विचारा. दोन्ही कारणं चालतील, पण दुसरं असेल तर त्याला भाड्याच्या उत्पन्नाचा मुलामा देऊ नये.

आणि तिसरा रस्ता, जो आपल्याकडे कुणाला आवडत नाही: भाड्याने राहून बघणं. चरईचं घर भाड्याने द्या आणि स्वतः लिफ्ट असलेल्या घरात भाड्याने जा. जवळपासच, किंवा कासारवडवलीतच, अगदी त्याच टॉवरच्या शेजारी. वर्षभरात पावसाळा येईल, मुलीची परीक्षा येईल, सासूबाईंच्या दवाखान्याच्या फेऱ्या होतील. तेवढ्यात ते आयुष्य तुम्हाला मानवतं का हे सँपल फ्लॅटपेक्षा जास्त नीट कळेल. लीव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी बंधनकारक आहे. ती ऑनलाइन होते, टाळू नका. 'स्वतःचं घर असताना भाड्याने?' असं नातेवाईक विचारतील. विचारू देत. सामान दोनदा हलवण्याची दगदग आहे, हे मात्र मी नाकारत नाही.

यातला कोणता रस्ता घ्यायचा हे मी सांगणार नाही, पण नवऱ्याशी बोलायचं कसं यावर थोडं सांगते, कारण तुम्ही 'बोलून उपयोग नाही' असं लिहिलंय आणि मला ते पटलेलं नाही. तुम्ही आजवर बोललात ते रात्री, कॉलनंतर, दोघं दमलेले असताना. शनिवारी सकाळच्या चक्करला एकदा त्यांना सोबत न्या (एकदाच, ती चक्कर तुमचीच राहू द्या). घर नको असं म्हणून सुरुवात करू नका. "तुला या घरातलं नेमकं काय हवंय?" असं विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा. आईसाठी लिफ्ट असं येईल, मुलीला खोली असं येईल, कदाचित असंही येईल की सगळे मित्र घोडबंदरला गेले आणि आपण अजून इथेच. शेवटचं आलं तर हसू नका. मराठी मध्यमवर्गीय पुरुषाला घर हे प्रगतिपुस्तक वाटतं, आणि ते त्याच्या हातात आपणच सगळ्यांनी दिलेलं आहे. मग तुमचे वहीतले आकडे दाखवा. आणि पुढचं कुठलंही घर बघायला जाण्याआधी दोघं मिळून लिहून काढा, की काय असलं म्हणजे पुरे: लिफ्ट, दोन खोल्या, स्टेशनपर्यंत जास्तीत जास्त इतकी मिनिटं, हप्ता जास्तीत जास्त इतका. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली मांडलं होतं की माणसं सगळ्यात उत्तम शोधत बसत नाहीत, ठरवलेल्या पातळीला जे उतरतं ते घेतात. आपली अडचण अशी की पातळी आधी ठरवलेलीच नसते. ती विक्री विभागातला मुलगा ठरवतो, तेविसाव्या मजल्यावरून डोंगर दाखवून.

बढतीबद्दल थोडक्यात. तुमच्यापुढे 'घ्या किंवा सोडा' असं कुणी ठेवलेलं नाही, तसं तुम्ही धरून चाललात. मॅनेजरला विचारा: रोजऐवजी आठवड्यात दोन रात्री चालतील का, बाकीचे कॉल दुसऱ्या लीडबरोबर वाटून घेता येतील का, कॉलनंतरच्या दिवशी सकाळी उशिरा लॉगिन चालेल का. ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर त्यांची संमती लागते. तुमचे कॉल घरून आहेत, तरी रात्रीच्या कामाला बाईची संमती विचारावी लागते एवढं त्यातून घ्या आणि ताठ मानेने बोला. त्यांनी नाही म्हटलं तर तुम्हाला बढतीची खरी किंमत कळेल, आणि ती कळून तुम्ही हो म्हणालात तरी मला काही वाईट वाटणार नाही. पैशासाठी पाच वर्षं रात्री काम करायचं, असं डोळे उघडे ठेवून ठरवणारी बाई त्या रात्री वेगळ्या काढते.

लोकलमधलं रडू मात्र नोंदवहीवर सोडू नका. ४१ व्या वर्षी, अपुऱ्या झोपेत, आधी रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२. पाळीत बदल होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना तेही सांगा. सकारात्मक विचारांची अख्खी कार्यशाळा करून आलेल्या बायकांचं हिमोग्लोबिन आठ निघालेलं मी ऐकलंय. तपासण्या ठीक आल्या आणि तरीही उदास वाटणं, कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर समुपदेशकाकडे जा. ठाण्यातच इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था १९९० पासून काम करते आहे. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही, मोफत आहे.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट. ज्यांच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर नाही, ज्यांची शिफ्ट दुसरं कुणीतरी लावतं, त्यांना मी वर मांडले तसे तीन रस्ते नसतात, आणि त्यांनी 'निवड' या नावाखाली स्वतःला आणखी एक ओझं लावून घेऊ नये. नोंदवही त्यांनाही चालेल. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीने मागे कळवलं होतं की तिच्या आठवड्यात तिच्या हाती फक्त गुरुवारची दुपार असते. तिने त्या दुपारी नातेवाइकांचे फोन घेणं बंद केलं. एवढंच केलं, आणि ते पुष्कळ होतं.

ताई, ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी या शनिवारी भरून टाका. १८९३ पासून ती संस्था उभी आहे, तुमच्यासाठी अजून थांबली असेल. महिनाभरात पुस्तक हातात धरवत नाही म्हणून निराश होऊ नका. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत फरक होता तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत.

राहिला शुक्रवार. मॅनेजरकडे दोन आठवड्यांची मुदत मागा. एवढी मुदत कुठलीही कंपनी देते. टोकनचा चेक तोवर लिहू नका, 'ऑफर या रविवारपर्यंतच' असं सांगितलं तरी. ती ऑफर पुढच्या सणाला पुन्हा येते. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि आज रात्री जेवणं झाली की दोघांनी मिळून महारेराच्या संकेतस्थळावर त्या टॉवरची पूर्णत्वाची तारीख बघा. ती दोन वर्षांनंतरची असेल तर ताबा मिळेल तेव्हा तुमची लेक दहावीत असेल, आणि सासूबाई तोवर तिसऱ्या मजल्यावरच. तसं असेल तर टॉवर घ्या अगर नका घेऊ, लिफ्ट असलेल्या भाड्याच्या घराची चौकशी तुम्हाला याच महिन्यात सुरू करावी लागेल.